पायवाटेची घळ झाली आहे: जुनी दुरुस्त करावी की नवी काढावी?

रानभूल (धागाकर्ता)

जंगलातल्या टेकडीवरून ओढ्याकडे उतरणारी जुनी पायवाट आहे, साधारण ३०० मीटर लांब. ती थेट उतारानंच खाली येते आणि तेवढ्या अंतरात शंभरेक मीटर उंची उतरते. टेकडीचा उतार मोजला तर ३५ ते ४०% भरतो. वरच्या निम्म्या भागात वाटेची घळ झाली आहे, काही ठिकाणी गुडघाभर खोल. घळ टाळायला लोक बाजूनं चालतात, त्यामुळे शेजारी आणखी दोन-तीन वाटा पडल्यात. ओढा ओलांडायच्या जागी कायम चिखल, आणि पाऊस आला की सगळा गाळ ओढ्यात.

१५ स्वयंसेवक नेमाने येतात, आठवड्यातून अर्धा दिवस. जागेची लेखी परवानगी हातात आहे. यंत्र नाही, सगळं कुदळ-फावड्यावर.

घळीत मुरूम भरून वाट तीच ठेवावी का? ठरावीक अंतरावर आडवे ओंडके टाकले तर भागेल का? ओढ्यात पाइप टाकून वर भराव करू असं काही जण म्हणतायत, ते बरोबर आहे का? आणि काठावर घाणेरी माजली आहे, तीही याच वेळी काढून टाकावी का?

उतारमाप

मुरूम भरू नका. पहिल्या जोरदार पावसात तो ओढ्यात दिसेल. वाट आणि पाणी एकाच दिशेनं उतरतायत हे मूळ दुखणं आहे. पाण्याला वाटेबाहेर पडायला जागाच नाही. तुमची वाट दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे, नवी आखा.

दोन नियम धरा. पहिला, वाटेचा चढ त्या जागच्या टेकडीच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. दुसरा, संपूर्ण वाटेची सरासरी १०% च्या आत. ४०% उतारावर पहिल्या नियमानं २०% पर्यंत जाता येतं, पण दुसरा नियम थांबवतो आणि त्याचंच ऐका. जमीन टणक, खडकाळ असेल तिथे थोड्या अंतरात १५% चालेल. लोक फसतात ते सपाटीवर. जमिनीचा उतार ८% असेल तर वाटेला ४% च मिळतात, त्याहून जास्त दिलेत की तिथेही पाणी वाटेनंच धावणार.

१०० मीटर उंची १०% नं उतरायची म्हणजे नवी वाट १ किलोमीटर लांब होईल. हे आधीच सगळ्यांना सांगून टाका, नाहीतर अर्ध्यात कुणीतरी 'इथून सरळ खाली नेऊ' म्हणतंच.

आखणीला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी आणि टेप पुरे: १० मीटर आडव्या अंतराला १ मीटर उंची म्हणजे १०%. आधी नकाशावर बंधनं टाका, म्हणजे ओढा ओलांडायची चांगली जागा, दलदल, कडा, पक्ष्यांची घरटी असलेली झाडं. ते बिंदू जोडत दर ५-६ मीटरला रंगीत फीत बांधा. मग ती रेघ वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडून चालून बघा. खाली उतरताना सुरेख वाटलेली आखणी चढताना भलतीकडे ओढते, असं हमखास होतं.

आणि दर १० ते १५ मीटरला वाटेचा चढ उलटा करा. म्हणजे उतरत असलेली वाट दोन-तीन पावलं किंचित वर चढवायची आणि पुन्हा उतरवायची. त्या बुडात पाणी थांबतं आणि बाहेर पडतं. हे आखतानाच करायचं, नंतर खणून तितकं चांगलं जमत नाही.

टिकाव_फावडे

वरच्या प्रतिसादाला +१. आता खोदाईचं.

वाट ६० सेंटीमीटर रुंद पुरे. ती पूर्णपणे टेकडीत कापून काढा. अर्धी कापायची आणि निघालेली माती बाहेरच्या कडेला टाकून उरलेली अर्धी बनवायची, हा मोह सगळ्यांना होतो कारण काम निम्मं होतं. पण भरावाची कड बसते, पावलं सारखी आत सरकतात आणि मधे पन्हाळ तयार होते.

४०% उतारावर ६० सेंमी वाट कापली की आतल्या बाजूला साधारण २१ सेंमी उंचीची भिंत निघते (पृष्ठभागाला बाहेर ५% कल धरून, म्हणजे आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा ३ सेंमी वर). ती भिंत उभी ठेवू नका, ४५ अंशात मागे कापा, नाहीतर ढासळून वाटेवर येईल. असं सगळं धरून एका मीटरला १०० लिटरच्या आसपास माती निघते, मोकळी झाल्यावर सव्वाशेच्या पुढे. सवय नसलेल्या माणसाला अर्ध्या दिवसात ३ मीटर धरा, खडक लागला तर निम्मं. १५ जणांचे आठवड्याला ४५ मीटर झाले, म्हणजे १ किलोमीटरला २२ आठवडे. त्या बेतानं काम आखा.

क्रम असा ठेवा. पालापाचोळा आणि काळी भुसभुशीत माती आधी ओढून बाजूला रचा, फेकू नका, शेवटी लागणार आहे. त्याखालची घट्ट माती लागेपर्यंत खणा. कुजकट थरावर वाट केली तर ती स्पंजासारखी पाणी धरते. निघालेली माती उताराखाली लांबवर पातळ विखरा. बाहेरच्या कडेला तिची वरंबी राहिली तर ५% कल दिलेला न दिलेला सारखाच, पाणी आत कोंडतं. माती ओलसर असताना चोपा, कोरडी ठक्क माती कितीही धुमसली तरी बसत नाही.

मोठं झाड आडवं आलं तर वाट त्याच्या वरच्या अंगानं न्या. खालच्या अंगानं खणलंत तर त्याची मुळं कापलेल्या भिंतीत उघडी पडतात.

दोन माणसांत निदान ३ मीटर अंतर. टिकाव, कुदळ खांद्यावर घेऊन चालायचं नाही, हातात, उताराकडच्या बाजूला, पातं खाली. पहारीनं दगड हलवायचा असेल तर खाली कुणी नाही याची खात्री करणारा एक माणूस वेगळा उभा करा, त्याला दुसरं काम देऊ नका.

डोंगरझरा

आडव्या ओंडक्यांचा प्रश्न राहिलाच. सरसकट वाईट म्हणू नये. जिथे वाट बदलणं शक्यच नाही तिथे तेच हाताशी असतात.

उतारमाप

@डोंगरझरा, जुन्या वाटेवर नाइलाज म्हणून ठीक, नव्या वाटेवर नको. ओंडका वाटेला काटकोनात टाकला की वरच्या बाजूला गाळ साचतो, दोन-चार पावसांत ओंडका पुरला जातो आणि पाणी वरून उडी मारतं. ती उडी खालच्या बाजूला खड्डा पाडते. मग लोक ओंडक्याला वळसा घालतात, आणि आली शेजारची नवी वाट. अडसर घालायचाच असेल तर निदान ४५ अंश तिरका, ओंडक्याऐवजी दगडाचा, दोन-तृतीयांश जमिनीत पुरलेला, आणि खालचं टोक वाटेच्या बाहेरपर्यंत गेलेलं. शिवाय दर मोसमात मागचा गाळ उपसायचा. उपसणारं कुणी नसेल तर घालूच नका.

त्यापेक्षा अर्धचंद्राकृती उतरंड करा: वाटेच्या ३ मीटर लांबीत बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळ कापायचं, मध्यभागी कल १५% पर्यंत न्यायचा, दोन्ही टोकांना तो हळूच मूळ वाटेत मिळवायचा. चालणाऱ्याला कळतही नाही, पाणी मात्र बाहेर जातं. बाहेरची जमीन खोल असेल तिथेच हे जमतं, सपाटीवर नाही.

डोंगरझरा

मान्य, उपसायला कुणी नसतं हेच खरं.

ओढ्याचं मी सांगतो. पाइप आणि भराव अजिबात नको. छोटा पाइप पाल्यानं आणि काटक्यांनी तुंबतो, मग पूर भरावावरून जातो आणि भराव घेऊन जातो. पाइपाचं खालचं तोंड पाण्याच्या वर लटकलं की मासे, खेकडे वर चढू शकत नाहीत.

ओलांडायची जागा निवडताना ओढा सरळ, अरुंद आणि तळ दगडी असेल ती बघा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ सतत खचत असतो, तिथे नको. वाट ओढ्याला काटकोनात यावी. दोन्ही बाजूंनी वाट ओढ्याकडे उतरत आली पाहिजे आणि पलीकडे लगेच चढली पाहिजे. पलीकडे ती उतरत गेली तर पुरात ओढाच तुमच्या वाटेनं निघतो. काठाच्या ५ ते १० मीटर आधी शेवटचा उलटा चढ द्या, म्हणजे वाटेवरचं गढूळ पाणी झाडोऱ्यात जिरेल. तुमच्या गाळाच्या तक्रारीवर हाच खरा उपाय आहे.

मधे पाऊलदगड ठेवा. माथा सपाट, निदान ४० सेंमीचा. मध्यापासून मध्यापर्यंत ६० सेंमी, सगळे माथे एका पातळीत, दगडाचा एक-तृतीयांश भाग तळात पुरलेला. दोघांनी उड्या मारून बघायचं, जरा जरी डुगडुगला तरी काढून पुन्हा बसवा. दगडांमधली फट बुजवू नका, नाहीतर बांधच होईल. आणि हे दगड ओढ्यातून उचलायचे नाहीत. त्यांच्याखाली पाणकिड्यांच्या अळ्या असतात, एक दगड उलटा करून बघा, पोटाला चिकटलेल्या दिसतील. बरेच मासे त्यांच्यावर जगतात. पाण्यात पडलेलं झाड वाटेवर पाणी वळवत नसेल तर तसंच राहू द्या.

खचलेल्या काठाला भिंत नको. फांदी लावून फुटणारी स्थानिक झुडपं बघा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, ६०-८० सेंमीच्या फांद्या झाड सुप्त असताना कापायच्या, डोळे वरच्या बाजूला ठेवून दोन-तृतीयांश जमिनीत ठोकायच्या, खालचं टोक ओलीपर्यंत गेलं पाहिजे. कापल्या दिवशीच लावा, जमलं नाही तर पाण्यात उभ्या ठेवा.

रानभूल (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. पाइप रद्द. २२ आठवडे ऐकून दोन-तीन चेहरे उतरले, पण ठीक आहे. दोन शंका राहिल्या. नवी वाट झाली तरी लोक सवयीनं जुन्या घळीतूनच उतरले तर? आणि घाणेरी?

टिकाव_फावडे

नवी वाट पूर्ण होईपर्यंत जुनी बंद करू नका. मग एकाच दिवसात बंद करा, आणि दोन्ही टोकांना दिसेल तिथवर तरी पक्कं करा. नुसता काट्यांचा झाप टाकून भागत नाही, लोक तो बाजूला करतात.

घळीच्या डोक्यावर आधी पाणी वळवा, हे राहिलं तर खालचं सगळं व्यर्थ. मग तळाची चोपलेली माती टिकावानं १०-१५ सेंमी मोकळी करा, नाहीतर बी रुजत नाही. मधे दगडांचे छोटे बंधारे घाला, ३० सेंमी उंच, दोन्ही टोकं काठात १५-२० सेंमी शिरलेली, मध्य कडांपेक्षा खाली, म्हणजे पाणी मधूनच ओसंडेल. पायथ्याशी पाणी पडेल तिथे दगड पसरा. खालच्या बंधाऱ्याचा माथा वरच्याच्या पायाच्या पातळीत हवा. तुमच्या उतारावर या हिशेबानं ८५ सेंमीला एक येतो, एवढे बांधत बसू नका. वरच्या सगळ्यात खोल टप्प्यात बांधा, बाकी ठिकाणी फांद्या आडव्या दाबून भरा. शेवटी बाजूला रचलेला पालापाचोळा पसरा आणि टोकांना वाळक्या फांद्या उभ्या रोवा. उभी फांदी झाडोऱ्यासारखी दिसते, तिथे वाट होती हेच नवख्याला कळत नाही.

नव्या वाटेची वळणं कमीत कमी ठेवा. वरचा आणि खालचा टप्पा एकमेकांतून दिसला की लोक मधून कापतातच. वळण मोठ्या खडकाआड किंवा दाट जाळीआड घ्या.

डोंगरझरा

घाणेरी एकदम साफ करू नका, काठ उघडा पडेल आणि पहिल्या पावसात ढासळेल. ३-४ मीटरचे तुकडे आलटून पालटून घ्या, रिकाम्या तुकड्यात फांद्या लागल्या आणि गवत धरलं की उरलेले. सुरुवात वरच्या अंगाकडून आणि जिथे विरळ आहे तिथून. दाट जाळीत घुसून दमलात तर विरळ भाग दोन वर्षांत दाट होतो.

झुडूप वरून छाटलं की दुप्पट फुटतं. बुंधा आणि मूळ जुळतात त्या जागेच्या ४-५ सेंमी खाली मुख्य मूळ टिकावानं तोडा, झुडूप उलटं करून मुळं वर राहतील असं ठेवा. जमिनीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते. फळं पिकायच्या आधी काढायचं, आणि पक्षी बसतात त्या झाडांखाली पहिल्या पावसानंतर बोटभर रोपं उपटायला जायचंच. ती रोपं ओल्या मातीत दोन बोटांनी निघतात, मोसम उलटला की पुन्हा टिकाव लागतो.

उतारमाप

एक राहिलं. पहिल्या १०० मीटरनंतर काम थांबवून भर पावसात फावडं घेऊन त्यावरून चाला. पाणी वाटेवर ४-५ पावलांपेक्षा जास्त धावत असेल तिथे खूण करा, कोरडं झाल्यावर बाहेरची वरंबी काढा किंवा उतरंड वाढवा. उरलेल्या ९०० मीटरची फीत त्यानंतरच पक्की करा.