व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवण्यासाठी परवडणारे व्हिडिओ कॅप्चर कार्ड कोणते घ्यावे?

धागाकर्ता, सोलापूर :

नमस्कार. आमच्या घरी जुन्या व्हीएचएस कॅसेटींचा एक खोका आहे. त्यात घरातील लग्ने आणि मुंजी आहेतच, शिवाय नव्वदच्या दशकात वडिलांनी सिद्धेश्वर यात्रेत केलेले चित्रीकरणही आहे. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम असे सारे त्यात आहे. वडिलांना आता गर्दीत जाणे झेपत नाही, म्हणून येत्या संक्रांतीच्या आत हे चित्रीकरण संगणकावर घेऊन त्यांना घरच्या टीव्हीवर दाखवावे, असे आम्हा भावंडांच्या मनात आहे.

व्हीसीआर चालू स्थितीत आहे. संगणक घरगुती असून त्यात विंडोज १०, ८ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी मोकळी हार्ड डिस्क आहे. नवी पेठेत आणि ऑनलाइन चौकशी केली, तेव्हा तीन प्रकार समोर आले. पहिला म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचे अगदी स्वस्त यूएसबी डोंगल, दुसरा म्हणजे ‘४के’ आणि ‘१०८०पी’ असे छापलेले एचडीएमआय डोंगल आणि तिसरा नामांकित कंपन्यांची महाग कार्डे. केबलसह तीन हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दुकानदार एचडीएमआय डोंगल नवीन तंत्राचे म्हणून तेच घ्या, असे सांगतात. आपला सल्ला काय आहे? महाग कार्ड घेतल्याने चित्रात खरोखर फरक पडतो का?

पहिला प्रतिसाद, होटगी रोड :

खोक्यावर काय छापले आहे ते क्षणभर बाजूला ठेवा आणि आधी व्हीसीआरच्या मागच्या बाजूला कोणते जॅक आहेत ते पाहा. कार्ड कोणते घ्यायचे हे तेथेच ठरते. भारतात घरोघरी आलेल्या बहुतेक व्हीसीआरना चित्रासाठी एकच पिवळा जॅक, म्हणजे कंपोझिट आउटपुट असते. गोल, चार पिनांचा एस-व्हिडिओ जॅक प्रामुख्याने एस-व्हीएचएस यंत्रांना आणि काही हँडीकॅमना असे. आपल्याकडे फक्त पिवळा जॅक असेल, तर आपल्याला कंपोझिट इनपुट असलेले कार्ड हवे, आणि ते सर्वात स्वस्त प्रकारातच मोडते.

एचडीएमआय डोंगल वाईट नसते, पण ते या कामाचे नाही. त्याला पिवळी पिन जोडता येत नाही, म्हणून मध्ये ‘एव्ही टू एचडीएमआय’ अशी डबी घ्यावी लागते. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या चित्रात एकूण ६२५ रेषा असतात, त्यांपैकी ५७६ दिसतात, आणि त्या सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डमध्ये, विभागून येतात. ती डबी ही फील्ड घाईघाईने एकत्र करते, चित्र ७२०पी किंवा १०८०पी आकाराला ताणते आणि पुष्कळदा ४:३ चे चित्र १६:९ मध्ये पसरवून माणसे रुंद करते. त्यानंतर स्वस्त एचडीएमआय डोंगल ते चित्र एमजेपीईजी पद्धतीने आणखी दाबते. अशा डोंगलांपैकी अनेकांत एमएस२१०९ ही चिप असते. ती ४के संकेत स्वीकारते हे खरे आहे, पण संगणकाला देते ते १०८०पी, तेही सेकंदाला ३० फ्रेमच्या आसपास. आपल्या कॅसेटीत सेकंदाला ५० फील्ड आहेत. खांद्यावर तोललेला नंदीध्वज गर्दीतून डुलत पुढे सरकताना जी सलग हालचाल दिसते, ती या ५० फील्डमुळे दिसते. ती एकदा गमावली की नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. शिवाय व्हीएचएसवर आडव्या दिशेने मुळातच साधारण २४० रेषांइतका तपशील असतो, त्यामुळे १०८०पी हा आकडा या फितींच्या बाबतीत काहीच वाढवत नाही.

आता कंपोझिट डोंगलकडे वळू. ‘ईझीकॅप’ हे नाव अनेक उत्पादकांनी वापरले असून एकसारख्या दिसणाऱ्या डब्यांत वेगवेगळ्या चिप निघतात. एसटीके११६०, ईएम२८६०, यूटीव्ही००७ आणि सोमॅजिकची एसएमआय२०२१ या त्यांतल्या नेहमीच्या चिप आहेत. खोक्यावर चिपचे नाव बहुधा नसते आणि प्रत्येक चिपचा विंडोज ड्रायव्हर निराळा असतो. स्वस्त डोंगलबद्दल ‘चालतच नाही’ अशी जी तक्रार सर्वत्र ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा येथे आहे. डोंगल जोडल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधील हार्डवेअर आयडी पाहून चिप ओळखा आणि नेमका त्याच चिपचा ड्रायव्हर घाला. दुकानातून घेत असाल, तर आठवड्याच्या आत परत घेण्याचे बोलणे आधीच करून ठेवा, आणि ते बिलावर लिहून घेतल्यास अधिक बरे. लिनक्स वापरण्याची तयारी असेल तर प्रश्न बराच सोपा होतो, कारण एसटीके११६०, ईएम२८६० आणि यूटीव्ही००७ यांचे ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतात.

हॉपॉजचे यूएसबी-लाइव्ह २ किंवा पिनॅकलचे डॅझल वापरलेले पण चांगल्या स्थितीतले, आपल्या रकमेत मिळाले, तर मी तेच घेईन. रंग अधिक स्थिर मिळतात आणि फ्रेम गळण्याचे प्रमाण कमी राहते, एवढा फरक मला दिसतो. मात्र त्याहून महाग, खेळांच्या चित्रीकरणासाठी बनवलेली कार्डे या कामासाठी घेऊ नका. ती वेगळ्याच गरजेसाठी तयार केलेली असतात आणि त्यांतील बहुतेकांना पिवळी पिन जोडताच येत नाही.

यूएसबी ३ असलेले कार्डच हवे, असेही कोणी सांगेल. ७२० गुणिले ५७६ पिक्सेल, प्रत्येकी २ बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम असा हिशेब केला, तर काहीही न दाबलेला व्हिडिओ सेकंदाला सुमारे २०.७ एमबी होतो, म्हणजे साधारण १६६ मेगाबिट. यूएसबी २ ची मर्यादा ४८० मेगाबिटची असल्याने ते पुरेसे आहे. फक्त डोंगल हबमध्ये न लावता संगणकाच्या मागच्या बाजूच्या पोर्टला थेट लावा आणि त्या वेळी दुसरी बाह्य हार्ड डिस्क त्याच कंट्रोलरवर राबवू नका.

दुसरा प्रतिसाद, अक्कलकोट रोड :

वरील सल्ल्याशी सहमत आहे. मात्र तीन हजारांतील मोठा वाटा कार्डावर न घालवता व्हीसीआर आणि कॅसेटींच्या निगेवर घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. व्हीसीआरचे उत्पादन करणारी शेवटची कंपनी फुनाई होती आणि तिनेही २०१६ साली उत्पादन थांबवले. आपले यंत्र बिघडले तर नवे मिळणार नाही, आणि कॅसेट यंत्रात अडकून फाटली तर ते चित्रीकरण कायमचे गेले.

प्रत्येक कॅसेटीच्या खिडकीतून फितीची कड उजेडात पाहा. पांढरट भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालू नका, कारण ती बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीपर्यंत पोहोचते. सोलापूरची हवा कोरडी असल्याने कोकणाइतका हा त्रास आपल्याकडे होत नाही, परंतु लोखंडी कपाटात पावसाळे काढलेल्या कॅसेटींत तो आढळतो. आपल्याकडे खरा शत्रू धूळ आहे. हेड साफ करायचे असेल, तर यंत्राची वायर प्लगमधून काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला साध्या कागदाचा तुकडा ड्रमवर, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलावर, स्थिर धरावा आणि ड्रम हाताने हळू फिरवावा. कागद वर-खाली कधीही घासू नये, त्याने हेड मोडते. कापसाची काडी वापरू नये, कारण तिचे धागे हेडमध्ये अडकतात. हात बसलेला नसेल, तर जुने टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर शहरात अजून आहेत, त्यांच्याकडून समोर बसून करून घ्यावे.

कॅसेट उतरवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी चिकटून बसलेली फीत मोकळी होते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. जुन्या फितीतून येणाऱ्या प्रत्येक रेषेची वेळ किंचित मागेपुढे होत असते. जुना काचेचा टीव्ही ते सांभाळून घेत असे, पण कॅप्चर कार्ड गोंधळते, फ्रेम गाळते आणि मग तासाभराने आवाज व चित्र यांची सांगड सुटते. यावरचा शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, परंतु तो आपल्या रकमेत बसत नाही. त्याऐवजी कोणाच्या घरी पडून असलेला डीव्हीडी रेकॉर्डर मिळतो का, ते पाहावे. साधा डीव्हीडी प्लेअर नव्हे, तर इनपुट असलेला रेकॉर्डर. व्हीसीआरची पिवळी पिन त्याच्या इनपुटला आणि त्याचे आउटपुट कॅप्चर कार्डाला जोडले, की वाटेत तो चित्राची वेळ सावरतो. त्यात डिस्क घालण्याचीही गरज नसते. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे रेकॉर्डर याच कामासाठी जगभर शोधले जातात. चित्राच्या वरच्या भागातील रेषा झेंड्यासारख्या एका बाजूला वाकत असतील, तर या एका यंत्राने पडणारा फरक कार्ड बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

तिसरा प्रतिसाद, जुळे सोलापूर :

एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्टुडिओत देऊन पेनड्राइव्हवर घेता येईल. मात्र देताना फाइल कोणत्या स्वरूपात आणि किती बिट रेटने (दर सेकंदाला किती डेटा) मिळणार, हे स्पष्ट विचारावे. तासाभराचे चित्रीकरण काही शे एमबीत दाबून मिळत असेल, तर दारूकामाच्या दृश्यांत नुसते चौकोन दिसतील.

धागाकर्ता :

सर्वांचे मनापासून आभार. पाहिले असता आमच्या व्हीसीआरला पिवळा जॅक एक आणि आवाजाचाही एकच जॅक आहे, एस-व्हिडिओ नाही. त्यामुळे पिवळ्या पिनेचे डोंगल आणले. ड्रायव्हर बसला, पण चित्र कृष्णधवल दिसते आणि खालून वर सरकत राहते. डोंगल बदलून घ्यावे का? तसेच कोणत्या स्वरूपात साठवावे, हेही कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद देणारे, होटगी रोड :

डोंगल बदलू नका. ही लक्षणे सेटिंग एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही-पद्धतीवर, असल्याची आहेत. अनेक डोंगल तेच गृहीत धरून सुरू होतात. कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ स्टँडर्ड पाल-बी निवडा, आकार ७२० गुणिले ५७६ आणि वेग २५ फ्रेम ठेवा. चित्र स्थिर होऊन रंग येतील.

साठवण्याचे दोन मार्ग आहेत. जागा असेल तर व्हर्च्युअलडब या कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये हफवाययूव्ही किंवा लॅगरिथ या कोडेकने (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीने) काहीही न गमावता उतरवा. न दाबलेला व्हिडिओ तासाला सुमारे ७५ जीबी होतो, या कोडेकने तो साधारण ३० ते ४० जीबीवर येतो. लाँग प्ले नव्हे, साध्या गतीने भरलेल्या ई-१८० कॅसेटीत तीन तास मावतात, त्यामुळे एका वेळी एकच कॅसेट घेऊन, तिची अंतिम फाइल करून, मगच पुढची घ्यावी. यात्रेच्या कॅसेटींसाठी मी हाच मार्ग सुचवेन. मूळ प्रत नीट हातात असली, तर फील्ड जोडण्याचे काम नंतर सावकाश आणि अधिक चांगल्या पद्धतीने करता येते.

लग्नाच्या लांबलचक कॅसेटींसाठी ओबीएस हे मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर पुरे आहे. त्यात स्रोतावर उजवी कळ दाबून डीइंटरलेसिंगमध्ये (फील्ड जोडण्याच्या पर्यायात) ‘यादिफ २एक्स’ निवडा, कॅनव्हास ७६८ गुणिले ५७६ ठेवा, म्हणजे ४:३ चे प्रमाण बरोबर राहील, आणि फ्रेमचा वेग ५० करा. एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीसाठी ठरावीक बिट रेट न देता गुणवत्तेवर आधारित सेटिंग वापरा. अंधारात चित्रित केलेल्या व्हीएचएसमध्ये बारीक कण फार असतात, ते कण बिट रेट खाऊन टाकतात आणि अशा दृश्यांना इतरांपेक्षा जास्त जागा द्यावी लागते. फाइल एमकेव्ही स्वरूपात लिहा. मध्येच वीज गेली तर एमपी४ फाइल बहुधा उघडतच नाही, एमकेव्ही मात्र तेथपर्यंतची शाबूत राहते. नंतर ओबीएसमधूनच ती एमपी४ करता येते आणि गुणवत्ता घटत नाही.

धागाकर्ता :

पाल-बी केल्यावर रंग आले आणि चित्र थांबले. आता आवाज फक्त डाव्या बाजूने येतो. पांढऱ्या पिनेला जोडले आहे. काकांकडे हँडीकॅमच्या लहान व्हिडिओ ८ कॅसेटीही आहेत, त्या याच डोंगलने उतरवता येतील का?

दुसरा प्रतिसाद देणारे, अक्कलकोट रोड :

काकांचा हँडीकॅम चालू असेल तर त्याचे आउटपुट याच डोंगलला जोडता येईल. मात्र कोणाकडे सोनीचा डिजिटल८ कॅमेरा असेल आणि ते मॉडेल जुन्या ॲनालॉग कॅसेटी चालवणारे असेल, तर त्याच्या आय-लिंक जॅकमधून डिजिटल व्हिडिओ थेट मिळतो. त्यासाठी कॅप्चर कार्ड नको, फक्त फायरवायर (आय-लिंकचेच दुसरे नाव) कार्ड हवे, आणि तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. ती गुणवत्ता डोंगलपेक्षा सरस असेल.

आवाजाबद्दल सांगायचे तर आपला व्हीसीआर मोनो आहे, त्यामुळे दोष कशातही नाही. एका पिनेचे दोन करणारा वाय-कनेक्टर घेऊन पांढरी व लाल दोन्ही पिना त्या एका जॅकला जोडा. ओबीएसमध्ये उतरवत असाल, तर तोही नको. ऑडिओच्या प्रगत गुणधर्मांत त्या स्रोतासमोरच्या मोनोच्या चौकटीवर खूण करा, दोन्ही बाजूंना आवाज येईल.