अन्नपूर्णा बघायची आहे: दक्षिण तळ की उत्तर तळ? (सल्ला हवा)

मृणाल_क: नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात बाबांना घेऊन नेपाळला जायचं ठरतंय. बाबा 66 वर्षांचे, चालायला दणकट, पण उतारावर गुडघे कुरकुरतात. 1950 साली फ्रेंचांनी जी अन्नपूर्णा 1 (8091 मी.) सर केली, ती त्यांना बघायची आहे, आणि ते लोक जिथे वावरले तिथे जायचंय. पोखराच्या पुढे दोघांचे मिळून 60 हजार नेपाळी रुपये, त्यावर नाही. दक्षिणेचा नेहमीचा एबीसी (अन्नपूर्णा बेस कॅम्प) करावा की उत्तरेचा तळ? एव्हरेस्ट सुचवू नये ही नम्र विनंती.

कडेकपारी: एव्हरेस्ट बेस कॅम्पच करा. आयुष्यात एकदा जायचं तर सगळ्यात उंच डोंगराला जावं. आम्ही लुक्लाला विमानाने गेलो होतो, पैसे गेले पण पश्चात्ताप नाही.

देवरालीकर: एबीसी, डोळे मिटून. वाटेत छोम्रोंग, बांबू, दोभान, देवराली, एमबीसी (माछापुच्छ्रे बेस कॅम्प) हे थांबे आणि 4130 मीटरवर तळ. वाटेत सगळीकडे लॉज आहेत. सगळीकडे डोंगर आणि आत शिरायला मोदी खोलाची (खोला म्हणजे नदी) तेवढी घळ. सूर्य उगवताना समोरची भिंत पेटते. बाबा खूश होतील.

चौकस: भिंत पेटते, पण ती वेगळी भिंत! मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशेनाल 3 जून 1950 ला चढले ते उत्तरेकडून. एबीसीवरून दिसणारी दक्षिण भिंत सर झाली ती 1970 ला. ब्रिटिश गिर्यारोहक बॉनिंग्टनची मोहीम, माथ्यावर डॉन विलन्स आणि डूगल हॅस्टन. मोहीम आवरताना इयन क्लफ बर्फाचा कडा कोसळून गेला. मृणालताई, बाबांना 1950 हवं असेल तर दक्षिणेत ते मिळणार नाही.

देवरालीकर: डोंगर तोच ना? गिर्यारोहक बूक्रीव्हचं स्मारकही तिथेच आहे. 25 डिसेंबर 1997 ला तो तिथल्याच हिमप्रपातात गेला.

बर्फाळ_मामा: आम्ही अन्नपूर्णा सर्किट (डोंगराभोवतीची फेरी) केलं, थोरोंग ला ही खिंड 5416 मी., पंचावन्नाव्या वर्षी, पाठीवर स्वतःची सॅक घेऊन. आजकाल सगळ्यांना पोर्टर लागतो. सर्किटच करा.

मृणाल_क: मामा, गुडघे.

बर्फाळ_मामा: काठी घ्या.

गणिती: हे वाचताय का कुणी? जगातला सगळ्यात जीवघेणा पर्वत आहे हा. 100 जण गेले तर 32 मरतात. वडिलांना नेऊ नका.

चौकस: गणितीभाऊ, हा आकडा दर वेळी असाच फिरतो. 2012 पर्यंत माथ्यावर साधारण 190 चढाया झाल्या होत्या आणि मृत्यू 60 च्या आसपास. भागाकार माथा गाठणाऱ्यांशी केलाय, जाणाऱ्यांशी नाही. निम्म्या वाटेवरून परतलेले त्यात धरलेच नाहीत. शिवाय आता चित्र पालटलंय. 16 एप्रिल 2021 या एका दिवसात साठाहून जास्त लोक वर पोचले. त्यांत पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची आपली मंडळी होती, साताऱ्याची गिर्यारोहक प्रियांका मोहिते होती.

गणिती: म्हणजे सुरक्षित म्हणताय?

चौकस: कोण म्हणालं? उत्तर बाजूला चढ फार अवघड नाही, पण वर विळ्याच्या आकाराची हिमनदी लोंबतेय. तिथून काय कधी सुटेल याला कौशल्याचं उत्तर नाही. हर्झॉगची माणसं जिवंत परतली, पण त्याची हातापायांची बोटं गेली आणि लाशेनालची पायाची सगळी. लाशेनालला मागे फिरायचं होतं, हर्झॉग ऐकेना. याला शौर्य म्हणावं की हट्ट, मला अजून ठरवता येत नाही.

रानवाटा: हट्टच. 1978 च्या अमेरिकन बायकांच्या मोहिमेबद्दल कुणी बोलत नाही! आर्लीन ब्लमच्या त्या चमूने टी-शर्ट विकून पैसे उभे केले आणि ऑक्टोबरात माथा गाठला. दुसऱ्या प्रयत्नात दोघी दगावल्या.

देवरालीकर: अवांतर थांबवा. एबीसी +१.

रानवाटा: बरं, मुद्द्याचं. देवरालीकर, तुमच्याच आयडीच्या गावाचं सांगते. जानेवारी 2020 मध्ये एबीसीच्या वाटेवर 'हिमालय' नावाचा थांबा ते देवराली या टप्प्यात हिमप्रपात झाला. चार कोरियन आणि तीन नेपाळी गेले. हिउंचुली शिखराच्या उतारावरचं बर्फ थेट वाटेवर येतं. तो टप्पा सकाळी लवकर उरकायचा, भरपूर बर्फ पडलं असेल तर थांबायचं. आणि 'ऑक्टोबर सुरक्षित' हेही अर्धंच खरं. 2014 च्या ऑक्टोबरात हुदहुद वादळाचं बर्फ थोरोंग लाच्या परिसरात पडलं आणि 40 हून जास्त माणसं मेली. परतीला दोन दिवस मोकळे ठेवा. अन्नपूर्णा परिसराचा परवाना भारतीयांना 1000 नेपाळी रुपये. गाईडचा नियम 2023 पासून बदललाय, निघण्याआधी पोखरात विचारा.

कडेकपारी: 60 हजारात दोघं? आमचं नुसतं विमानच त्याच्या वर गेलं. लोन काढा.

गिरीश_जी: उत्तर तळाला मी गेलोय. नारच्यांगहून चढ, गर्दी नाही, दक्षिणेसारखी लॉजची रांग नाही. एका एजन्सीने तंबू देतो म्हणून दिले नाहीत, रात्र कुडकुडत काढली. नाव घेत नाही. उतार वाईट आहे, गुडघ्यांसाठी नाही म्हणेन.

बर्फाळ_मामा: काठी.

चौकस: एक गंमत. फ्रेंचांकडचे नकाशे इतके चुकीचे होते की आधी धवलगिरीभोवती फिरण्यात आणि अन्नपूर्णा शोधण्यातच त्यांचे बरेच आठवडे गेले. तळ कालीगंडकीच्या काठी तुकुचेला. तिथून मिरिस्ती खोलाची घळ ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी जाणारी वाट हाती लागेपर्यंत मे महिना आला.

मृणाल_क: सगळ्यांचे आभार. बाबांनी अख्खा धागा वाचला, वरचा प्रतिसाद वाचून म्हणाले, ठरलं. ना दक्षिण, ना उत्तर. पोखराहून बेनीमार्गे जीपने लेते-कालोपानी, तिथे दोन मुक्काम, मग तुकुचे. एका बाजूला धवलगिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा. फ्रेंच तिथेच राहिले, हे त्यांना पुरेसं आहे.

देवरालीकर: मग धागा काढलात कशाला?

कडेकपारी: पैसे उरले तर एव्हरेस्टचं विमान बघा.

गिरीश_जी: छान निवडलंत. कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपारी जोराचा वारा सुटतो, धूळ डोळ्यात जाते. तुकुचे सकाळी फिरा, बाबांना गॉगल घ्या. बेनीच्या पुढे रस्ता वाईट आहे, जीपमध्ये मागच्या सीटवर बसवू नका.