अबकारीचा पैसा आरोग्याला बांधून द्यावा का?

साखळीकर
अबकारीचे, म्हणजे दारूवरच्या कराचे, उत्पन्न वाढले की सरकार ते यश म्हणून सांगते. आरोग्याचे आकडे वेगळ्या प्रकरणात छापले जातात आणि दोन्हींची सांगड कुणी घालत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२०) गोव्यात पंधरा वर्षांवरचे सुमारे ३७ टक्के पुरुष दारू पितात.

माझ्या धाकट्या मामांचे यकृत दारूने गेले. शेवटची दोन वर्षे मामी त्यांना घेऊन बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉ) सरकारी इस्पितळात, खेपा घालत होती. मामांनी बाटलीमागे भरलेला कर तिजोरीत गेला, त्यांच्या उपचाराचा खर्चही तिजोरीतूनच झाला. यातले जास्त काय, हे सांगणारा तक्ता कुठे आहे? दारूवरच्या कराचा ठरावीक हिस्सा कायद्याने व्यसनमुक्ती आणि यकृताच्या उपचारांसाठी बांधून द्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त लेखाधिकारी, पर्वरी
तुमचे दुःख समजते, पण उपाय पटत नाही. बांधून दिलेला पैसा म्हणजे जादा पैसा नव्हे. अबकारीतून शंभर कोटी आरोग्याला ठरले की वित्त खाते सर्वसाधारण तरतुदीतून तेवढेच काढून घेते. एकूण आकडा जागचा हलत नाही. नोकरीत असताना हे डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरे असे की, १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून दर स्वतः ठरवता येतील असे फार थोडे कर राज्याकडे उरले: अबकारी, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक, वाहन कर. वर्षाला १४ टक्के वाढ धरून केंद्र देत असलेली भरपाई जून २०२२ ला संपली. खाणी २०१२ ला बंद पडल्या, २०१८ ला पुन्हा; ते उत्पन्नही गेले. हातात उरलेला मोकळा पैसा बांधून टाकणे परवडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत बारना कुलूप होते आणि आरोग्याचा खर्च तेव्हाच सर्वांत जास्त लागला. दारू खपली नाही म्हणून औषधे थांबवायची का?

पेडणेकर
मुळात कर वाढवा, दारू महाग करा, पिणे कमी होईल. पत्रादेवी नाक्यावर शेजारच्या राज्यात जाणारी दारू का पकडली जाते? इथे ती स्वस्त मिळते म्हणूनच ना?

डिचोलीची सून
मी आरोग्य केंद्रात काम करते. तुम्ही सगळे दारूवर बोलताय, पण त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला झोपू देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळांचा मृत्युदर हजारी १२.९ वरून ५.६ वर आला, ९९.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. याचा मला अभिमान आहे. पण पाच वर्षांखालच्या मुलांमधला रक्तक्षय ४८.३ वरून ५३.२ टक्क्यांवर गेला, बायकांमधला ३१.३ वरून ३९ वर. भाषणात पहिला आकडा येतो, दुसरा नाही. लोहाच्या गोळ्या आम्ही देतो. मळमळते म्हणून त्या फडताळात पडून राहतात. दारोदार जाऊन समजावणारी माणसे हवीत, आणि त्यांचा पगार दरवर्षी नक्की मिळायला हवा. म्हणून मी साखळीकरांच्या बाजूने. पैसा बांधलेला असला तर निदान मागता तरी येतो.

बांदेकर
मी पलीकडचा, सिंधुदुर्गातला. दारूचा कर माणशी किती, असा हिशेब मांडायला गेलात तर भागाकारच चुकतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख. दरडोई कर काढताना भाजक तेवढाच. पर्यटकाने भरलेला कर वरच्या आकड्यात येतो, पर्यटक खालच्या आकड्यात येत नाही. गोमेकॉच्या खाटेवर मात्र सावंतवाडी-दोडामार्गचे आम्हीही असतो. २०१८ ला परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागले तेव्हा दोडामार्गात आंदोलन झाले ते त्याचमुळे. बाटलीचा कर कुणी भरला आणि खाट कुणी वापरली, हे वेगळे काढल्याशिवाय हिस्सा ठरवणार कसा?

निवृत्त लेखाधिकारी, पर्वरी
बांदेकरांचे म्हणणे बरोबर. ताई, मागता येण्याचा तुमचा मुद्दाही खोडता येत नाही. तरी कायद्याने बांधण्याला माझा विरोधच राहील.

साखळीकर
राहू द्या. मीही मागणी सोडलेली नाही. पण आधी एवढे तरी व्हावे: तालुक्यागणिक किती अबकारी जमली आणि दारूशी जोडलेल्या आजारांचे किती रुग्ण दाखल झाले, रहिवासी किती, बाहेरचे किती, हे सगळे एकाच तक्त्यात दरवर्षी छापा. आमच्या ग्रामसभेत येत्या रविवारी हा ठराव मांडतोय. ताई, मसुद्यात रक्तक्षयाचा रकाना घालायचा आहे. तो कसा मांडावा, ते लिहून द्याल का?