हिवाळी स्की सहलींसाठी स्वयंसेवक लीडर कसे तयार करावेत?

डेन्व्हरकर: आमच्या क्लबात यंदा काही नवे लीडर घ्यायचेत. स्की उत्तम करतात, लेव्हल १ चा ॲव्हलाँच (हिमस्खलन) सुरक्षेचा कोर्सही झालाय. आणखी काय शिकवावं?

बर्फवाट: आधी 'नाही' म्हणायला शिकवा. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि स्कीची खरी मजाही तिथेच असते. मी कोलोरॅडोतल्या बर्थूड पास या घाटात पार्किंगमध्येच नव्या लीडरला उभं करते. एकेक जण समोरून जातो, आणि लीडर प्रत्येकाच्या बीकनचा (बर्फाखाली गाडलेल्याला शोधता यावं म्हणून अंगावर बांधायचं रेडिओ-यंत्र) सिग्नल तपासतो. मग त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज मोठ्याने वाचून आज कुठले उतार वर्ज्य, ते निघण्यापूर्वीच ठरवायचं. वर गेल्यावर ताजा बर्फ बघून भलेभले पाघळतात!

डेन्व्हरकर: आणि शोधाचा सराव?

बर्फवाट: सीझनभर चालू ठेवा. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस साधारण १५ मिनिटांत निघाला तर आशा मोठी असते, आणि सगळ्यात जास्त वेळ खणण्यात जातो. प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) माणसाला लागला की तो तसाच ठेवायचा आणि उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जायचं. हे हाताला वळण पडेपर्यंत करून घ्या.

सह्यभटक्या: आम्ही सह्याद्रीत नव्या लीडरला सुरुवातीला रांगेच्या शेवटी चालवतो. कोण दमलंय, कोण गप्प झालंय, ते मागूनच कळतं.

बर्फवाट: अगदी! इथेही तेच करा.