बफलो बिल्स: जानेवारीत हरणाऱ्या प्रशिक्षकावर आणखी किती विश्वास ठेवायचा?

धागा: ईरीकाठचा, ऑगस्ट २०२५

येत्या ७ सप्टेंबरला बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्धच्या सामन्याने एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या बफलो बिल्सचा नवा हंगाम सुरू होत आहे. १९७३ पासून वापरात असलेल्या, बफलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कच्या मैदानावरचा हा शेवटचा हंगाम असून पुढच्या वर्षी संघ रस्त्यापलीकडच्या नव्या मैदानात जाणार आहे. आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जोश ॲलन गेल्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, मार्चमध्ये त्याच्याशी सहा वर्षांचा ३३ कोटी डॉलरचा करार झाला आणि एएफसी ईस्ट हा गट आपण सलग पाच वर्षे जिंकलो आहोत. तरीही या संघाच्या नावावर एकही सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) नाही. याचे मुख्य कारण खेळाडूंमध्ये नसून प्रशिक्षक शॉन मॅकडर्मट यांच्या बचावाच्या पद्धतीत आहे, असे माझे मत आहे आणि ते मी येथे चर्चेसाठी मांडतो.

मॅकडर्मट २०१७ मध्ये येथे आले ते कॅरोलायनाची बचावफळी घडवणारे प्रशिक्षक म्हणून. त्यानंतर प्लेऑफमध्ये (साखळीनंतर जानेवारीत होणाऱ्या बाद फेरीत) कॅन्सस सिटी चीफ्सशी आपली चार वेळा गाठ पडली आणि चारही वेळा आपण हरलो. या चार सामन्यांत चीफ्सने अनुक्रमे ३८, ४२, २७ आणि ३२ गुण केले. ज्या माणसाची ओळखच बचाव ही आहे, त्याच्या संघाला निर्णायक सामन्यात नेमका बचावच जमत नसेल, तर त्याला योगायोग म्हणणे मला कठीण जाते.

२३ जानेवारी २०२२ चा सामना येथे सर्वांना ठाऊक असेल, परंतु नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गेब डेव्हिसने त्या दिवशीचा आपला चौथा टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, नेणे) केला तेव्हा आपण ३६-३३ असे पुढे होतो आणि १३ सेकंद उरले होते. त्या क्षणी, गुणांनंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे लाथेने मारून देताना, तो जमिनीलगत, उसळत जाईल असा मारला असता तर तो उचलून पळण्यातच चीफ्सचे तीन-चार सेकंद गेले असते. आपण मात्र तो थेट एंड झोनपार मारला, त्यामुळे घड्याळ हललेच नाही. पुढे बचावपटू इतके मागे उभे केले गेले की चीफ्सच्या टायरीक हिलने १९ आणि ट्रॅव्हिस केल्सीने २५ यार्ड सहज कमावले, हॅरिसन बटकरने ४९ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारून बरोबरी साधली आणि जादा वेळेत ॲलनच्या हाती चेंडू एकदाही आला नाही. पुढे लीगने प्लेऑफच्या जादा वेळेचा नियम बदलून दोन्ही संघांना चेंडू मिळण्याची सोय केली, पण आपला सामना काही परत मिळाला नाही.

माझी आशा ॲलनवर आहे. चिंता ही आहे की तो आता २९ वर्षांचा आहे, अंगावर धडका घेत धावणारा क्वार्टरबॅक आहे, आणि अशा खेळाडूची उत्तम वर्षे मोजकीच असतात. ती याच प्रशिक्षकावर खर्च करावीत का, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद: मिसिसागाकर

धागाकर्त्यांची तळमळ समजते, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे असहमत आहे.

प्रथम एक आठवण करून देणे आवश्यक वाटते. २००० ते २०१६ अशी सलग १७ वर्षे हा संघ प्लेऑफमध्ये पोहोचलाच नव्हता. त्या काळात, २००८ ते २०१३ दरम्यान, आमच्या टोरोंटोत दरवर्षी बिल्सचा एक 'घरचा' सामना होत असे, आणि त्या छताखालच्या थंड प्रतिसादाचे वातावरण पाहून हा संघ बफलोतच राहील की नाही अशी शंका येई. मॅकडर्मट यांनी आपल्या पहिल्याच वर्षी तो दुष्काळ संपवला, आणि तेव्हा ॲलन अजून वायोमिंग विद्यापीठात खेळत होता. म्हणजे 'जे काही यश आहे ते ॲलनमुळे आणि जे अपयश आहे ते प्रशिक्षकामुळे' ही वाटणी सुरुवातीपासूनच टिकत नाही.

आता चीफ्सविषयी. हेच प्रशिक्षक, हाच बचाव आणि हाच ॲलन यांनी २०२१ ते २०२४ या चारही हंगामांत साखळी सामन्यात चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याच्या संघाला हरवले आहे. त्यांची पद्धत मुळातच चुकीची असती तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही ती उघडी पडली असती. जानेवारीत काय घडले ते पाहा: २०२१ च्या हंगामात आपला सर्वोत्तम कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) ट्रे'डेव्हियस व्हाइट गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होता, २०२३ च्या हंगामात लाइनबॅकरची (मधल्या बचावपटूंची) फळी जवळजवळ रिकामी झाली होती, आणि यंदाच्या जानेवारीत कॉर्नरबॅक क्रिस्टियन बेनफर्डला डोक्याच्या मारामुळे सामन्याच्या सुरुवातीलाच मैदान सोडावे लागले. त्या तेरा सेकंदांचा बचाव मी करणार नाही, तो निर्णय अक्षम्य होता. परंतु इतर तीन पराभवांवर त्याच तेरा सेकंदांची सावली पाडणे न्याय्य नाही. २१ जानेवारी २०२४ ला आपल्या टायलर बासने ४४ यार्डांवरून मारलेला चेंडू खांबाच्या उजवीकडून गेला, त्याला बचावाची कोणती पद्धत जबाबदार आहे?

प्रशिक्षक बदलण्याची हौस किती महागात पडते ते सॅन डिएगोला विचारा. तेव्हाच्या सॅन डिएगो चार्जर्सचे प्रशिक्षक मार्टी शॉटनहायमर यांनी २००६ च्या हंगामात १४ सामने जिंकून फक्त २ गमावले, प्लेऑफमधल्या पहिल्याच सामन्यात संघ पॅट्रियट्सकडून ३ गुणांनी हरला आणि महिनाभरात त्यांना काढून टाकण्यात आले. त्यानंतर आजवर चार्जर्स सुपर बोलला पोहोचलेले नाहीत. आता तर ते सॅन डिएगोतही उरलेले नाहीत.

प्रतिसाद: ईरीकाठचा

उदाहरणेच द्यायची तर दुसऱ्या बाजूचेही देता येते. टोनी डंजी यांनी टँपा बेचा डबघाईला आलेला संघ उभा केला, उत्तम बचावफळी घडवली, पण प्लेऑफमध्ये संघ अडखळत राहिला. २००२ च्या जानेवारीत त्यांना निरोप देण्यात आला आणि जॉन ग्रुडन यांनी पहिल्याच वर्षी तोच संघ घेऊन सुपर बोल जिंकला. पाया घालणारा आणि कळस चढवणारा एकच असला पाहिजे असा नियम नाही.

दुखापतींचे म्हणाल तर जानेवारीत कोणाचा संघ धडधाकट असतो? आणि ज्या साखळी विजयांचा आपण दाखला देता, त्यांतूनच माझी शंका अधिक बळावते. चीफ्सचे मुख्य प्रशिक्षक अँडी रीड आणि त्यांचे बचाव प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो नोव्हेंबरमध्ये आपल्याकडून हरतात, शिकतात आणि जानेवारीत काहीतरी नवे घेऊन येतात. यंदाच्या २६ जानेवारीला अखेरच्या चौथ्या डाऊनला (१० यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांपैकी शेवटच्याला) ५ यार्ड हवे असताना त्यांनी कॉर्नरबॅकला थेट ॲलनच्या अंगावर सोडले. त्या हल्ल्यातून ॲलनने कसाबसा फेकलेला चेंडू आपल्या डॉल्टन किंकेडच्या हातात राहिला नाही आणि आपण ३२-२९ ने हरलो. असे धाडस आपल्या बाजूने, महोम्सविरुद्ध, शेवटच्या मिनिटांत केल्याचे मला एकही उदाहरण आठवत नाही.

प्रतिसाद: कोथरूडचा हिशेबी

पुण्यात हे सामने सोमवारी पहाटे पाहावे लागतात (सुपर बोलच्या दारातला तो सामना येथे पहाटे ५ वाजता सुरू झाला होता), त्यामुळे झोपमोड करूनही हाती काही लागले नाही याचा राग मलाही आहे. परंतु तो राग मी प्रशिक्षकावर काढणार नाही. माझा रोख खेळाडू निवडणाऱ्या ब्रँडन बीन यांच्याकडे आहे.

२०२४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत) आपल्याकडे २८ वा क्रमांक होता. रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) स्टेफॉन डिग्जला नुकतेच ह्यूस्टनला पाठवले होते, त्याच्या जुन्या करारापोटी सुमारे ३.१ कोटी डॉलर त्या वर्षीच्या सॅलरी कॅपमधून (संघाच्या पगारखर्चाच्या मर्यादेतून) वाया जाणार होते, आणि वेगवान रिसीव्हरची गरज उघड दिसत होती. अशा वेळी बीन यांनी तो २८ वा क्रमांक विकला, आणि तोही चीफ्सना! त्यांनी त्यावर झेव्हियर वर्दी घेतला, ज्याने याच जानेवारीत आपल्याविरुद्ध टचडाऊन केला. आपण खाली सरकून ३३ व्या क्रमांकावर किऑन कोलमन घेतला, जो धिप्पाड आहे पण बचावपटूंना मागे टाकून पळणारा नाही. त्याहून जुनी जखम म्हणजे २०१७ चा १० वा क्रमांक. तोही आपणच चीफ्सना दिला होता आणि त्यावर त्यांनी पॅट्रिक महोम्स घेतला. तेव्हा बीन आलेले नव्हते, हे मान्य. पण मॅकडर्मट आलेले होते, आणि हा मुद्दा धागाकर्त्यांच्या नजरेतून कसा सुटला याचे नवल वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे क्वार्टरबॅकवर धाव घेणारे खेळाडू. २०२२ मध्ये व्हॉन मिलरशी १२ कोटी डॉलरपर्यंतचा सहा वर्षांचा करार झाला, त्याच वर्षी त्याचा गुडघा गेला आणि यंदा मार्चमध्ये त्याला सोडून दिले. आता त्याच जागी जोई बोसा एका वर्षासाठी आणला आहे, ज्याचे गेले काही हंगाम दुखापतींनी खाल्ले आहेत. महोम्सला चेंडू फेकायला निवांत वेळ मिळत असेल, तर मागे कोणती रचना उभी केली आहे याला फारसा अर्थ उरत नाही. बेनफर्ड बाहेर गेल्यावर जो कायर इलाम आत आला, तो २०२२ च्या पहिल्या फेरीतला खेळाडू होता आणि चीफ्सने त्याच्याच बाजूला चेंडू फेकायला सुरुवात केली. मार्चमध्ये त्याला डॅलसला देऊन टाकले. पहिल्या फेरीतला खेळाडू तीन वर्षांत राखीव म्हणूनही उभा राहत नसेल तर तो दोष कोणाचा?

तरीही मी निराश नाही. ग्रेग रूसो, बेनफर्ड, खलील शकीर आणि टेरेल बर्नार्ड या आपल्याच घडवलेल्या तरुणांना यंदा वेळेत करारबद्ध केले गेले, आणि जेम्स कुकचा तिढाही या महिन्यात चार वर्षांच्या करारावर सुटला.

प्रतिसाद: मिसिसागाकर

हिशेबी यांचा मुद्दा धागाकर्त्यांच्या मुद्द्यापेक्षा सबळ आहे. मात्र ईरीकाठचा यांनी दिलेले ग्रुडन यांचे उदाहरण अर्धेच आहे. ग्रुडन यांनी जिंकलेला तो सुपर बोल डंजी यांच्या बचावफळीने जिंकला, आणि त्यानंतर टँपात असेपर्यंत ग्रुडन यांना प्लेऑफमध्ये एकही सामना जिंकता आला नाही. डंजी यांनी मात्र इंडियानापोलिसमध्ये पेटन मॅनिंगसह २००७ च्या फेब्रुवारीत करंडक उचलला. खुद्द अँडी रीड यांना फिलाडेल्फियात १४ वर्षांत जमले नाही ते कॅन्सस सिटीत तीनदा जमले. याच रीड यांना 'मोठ्या सामन्यात घड्याळ सांभाळता येत नाही' म्हणून तेथील चाहते नावे ठेवत असत. आपण मॅकडर्मट यांना हाकलले आणि ते दुसऱ्या एखाद्या संघाला घेऊन फेब्रुवारीत मैदानावर दिसले, तर ते आपल्याला पाहवेल का?

प्रतिसाद: ॲम्हर्स्टची काकू

बफलोत बरीच वर्षे राहिलेली असल्याने मी एक वेगळी चिंता मांडते, जी या वादाशी जोडलेलीच आहे. नव्या मैदानाला न्यूयॉर्क राज्याने ६० कोटी आणि ईरी काउंटीने २५ कोटी डॉलर दिले आहेत. त्या बदल्यात संघ ३० वर्षांसाठी येथे बांधला गेला, ही माझ्या दृष्टीने कोणत्याही करंडकापेक्षा मोठी गोष्ट आहे. परंतु जुन्या मैदानात सुमारे ७१ हजार प्रेक्षक मावत होते आणि नव्यात ६२ हजारांच्या आसपासच मावतील. शिवाय हंगामी तिकीट काढण्यापूर्वीच जागेच्या हक्कासाठी वेगळे पैसे मोजावे लागत आहेत, आणि चांगल्या जागांसाठी ती रक्कम हजारो डॉलरांत जाते. बर्फात फावडे घेऊन स्वतःची जागा मोकळी करणारे जुने प्रेक्षक त्यात किती टिकतील, ही माझी खरी धास्ती आहे.

याचा मॅकडर्मट यांच्याशी संबंध असा की, इतके पैसे मोजून आत बसलेला प्रेक्षक आमच्यासारखा सोशिक नसेल. १९९१ ते १९९४ या काळात आम्ही ओळीने चार सुपर बोल हरलो. त्यांतला पहिला एका गुणाने गेला, स्कॉट नॉरवुडचा ४७ यार्डांचा फटका उजवीकडून गेल्यामुळे. दुसऱ्याच दिवशी गावाने त्याच नॉरवुडच्या नावाचा जयघोष केला होता. तेव्हाचे प्रशिक्षक मार्व्ह लेव्ही यांना कोणी हटवले नाही. आज संघाचे मालक असलेल्या पेगुला कुटुंबाला तेवढा धीर राहील असे मला वाटत नाही, आणि म्हणून धागाकर्त्यांनी प्रशिक्षकाच्या गच्छंतीची घाई करू नये. हे वर्ष फसले तर ती आपोआप होईल.

प्रतिसाद: ईरीकाठचा

काकू, लेव्ही यांना ठेवल्याने चौथा पराभव टळला नाही, हेही नोंदवावेसे वाटते. त्या जयघोषाबद्दल मला आदर आहे, पण सोशिकपणा हा चाहत्याचा गुण असला तरी तो संघाच्या कारभाराचे धोरण होऊ शकत नाही.

२०१७ च्या १० व्या क्रमांकाविषयी हिशेबी यांचे म्हणणे योग्य आहे आणि ते माझ्याच बाजूचे आहे.

मिसिसागाकर यांनी विचारले ते मी उलट विचारतो. २ नोव्हेंबरला चीफ्स ऑर्चर्ड पार्कला येत आहेत. आपण तो सामना जिंकलो आणि जानेवारीत पुन्हा हरलो, तर तरीही आपले मत हेच राहील का?

प्रतिसाद: मिसिसागाकर

कसे हरलो त्यावर ते अवलंबून राहील, आणि ही पळवाट नाही. यंदाच्या २६ जानेवारीच्या सामन्यात चौथ्या डाऊनला १ यार्ड हवा असताना ॲलन रेषेपलीकडे गेला की नाही यावर पंचांचे एकमत दिसत नव्हते. आपण २२-२१ असे पुढे होतो आणि चेंडू तेथून चीफ्सकडे गेला. असा पराभव झाला तर मी प्रशिक्षकाला दोष देणार नाही. परंतु आघाडी घेऊन शेवटच्या मिनिटात बचावपटूंना पुन्हा मागे खेचले आणि सामना घालवला, तर तुमच्या धाग्याखाली पहिली सहमती माझी असेल.

त्याआधी साखळीत पहिले स्थान मिळवा. चीफ्सविरुद्धच्या चारपैकी तीन पराभव त्यांच्या मैदानावर झाले आहेत, आणि यंदा घरचे मैदान मिळवण्यासाठी सप्टेंबरमध्ये रेव्हन्सविरुद्धचा सामनाही तितकाच मोलाचा आहे.

प्रतिसाद: कोथरूडचा हिशेबी

उरलेला एक पराभव घरच्याच मैदानावर झाला होता, त्यामुळे पहिल्या स्थानावर फार विसंबू नये. मी रेव्हन्सविरुद्ध बोसा किती वेळा क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचतो तेवढेच पाहणार आहे. त्यांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन याला रोखता आले नाही तर महोम्सची चर्चा करण्यात अर्थ नाही.