'शंभर टक्के खात्री' म्हणे!

कुंपणावरचा (धागाकर्ता)
काल निःशंक यांनी लिहिलं, "देव आहे याची मला शंभर टक्के खात्री आहे. ज्याला शंका येते त्याची श्रद्धा मुळातच कच्ची." तिथेच दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, पण आवरेना. म्हणून हा वेगळा धागा.

हे शंभर टक्के मोजले कशाने? खात्री ही तुमच्या मनाची अवस्था झाली. देव असणं-नसणं ही जगाची गोष्ट आहे. तुमच्याइतकीच खात्री दुसऱ्या धर्मातल्या माणसाला असते आणि तो नेमकं तुमच्या उलट सांगत असतो. दोघंही शंभर टक्के बरोबर कसे?

अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांना खात्री होती की २२ ऑक्टोबर १८४४ ला येशू परत येणार. काहींनी शेतातलं उभं पीकसुद्धा कापलं नाही. २३ तारीख नेहमीसारखी उजाडली. पुष्कळ जण खजील होऊन घरी गेले, पण काहींनी ठरवलं की तारीख बरोबरच होती, घटना स्वर्गात घडली! त्यांच्यातूनच पुढे एक आख्खा पंथ उभा राहिला, तो आजही आहे. खात्री अशी चिवट असते, पण चिवटपणा हा काही पुरावा नव्हे.

निःशंक
माझं वाक्य तोडून आणलंत, तेही ठीक. पण प्रत्येक गोष्ट मोजपट्टी लावूनच मानायची का? आई आपलीच आहे हे मानायला तुम्ही तपासणी करून घेतली होती? आणि गीताच सांगते, 'संशयात्मा विनश्यति'. हे माझ्या पदरचं नाही. तुमच्यासारख्या नास्तिकांना हे कळायचं नाही.

कुंपणावरचा
आईचा दाखला येणार हे ठाऊकच होतं, फक्त इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. आई समोर असते हो, रागावते, हाक मारते. शंका आली तर तपासताही येतं. आणि मी नास्तिक आहे असं कुठे म्हणालो? नाव तरी वाचा.

प्रयोगशील
विज्ञानात शंभर टक्के हा प्रकारच नाही. २०१२ मध्ये हिग्ज नावाचा मूलकण सापडल्याचं जाहीर केलं ते पाच सिग्माच्या (सिग्मा म्हणजे निष्कर्ष किती पक्का ते सांगायचं माप) जोरावर. म्हणजे कण नसताना निव्वळ योगायोगाने तसा संकेत दिसायची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. इतकं असूनही सुरुवातीला 'हिग्जसारखा कण' असंच म्हणत होते. आणि इथे लोक डोळे मिटून शंभर!

निःशंक
ते पाच सिग्मा तुम्ही स्वतः मोजलेत? नाही ना? दुसऱ्याच्या शब्दावरच विश्वास ठेवलात. मग माझ्यात आणि तुमच्यात फरक काय?

प्रयोगशील
फरक असा की दोन वेगळ्या गटांनी दोन वेगळ्या यंत्रांवर मोजलं, आणि चूक दाखवणाऱ्याला तिथे वाळीत टाकत नाहीत. उलट त्याचं नाव होतं.

जुनं खोड
मूळ विषय चालू द्या, पण निःशंक यांनी वर 'नास्तिक' शब्द वापरलाय तो चूक आहे. वीस वर्षं सांगतोय, कोणी ऐकत नाही. नास्तिक म्हणजे देव न मानणारा नव्हे! मनूच्या लेखी 'नास्तिको वेदनिन्दकः', वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. सांख्य दर्शनवाले ईश्वर असिद्ध म्हणतात, पण वेद मानतात, म्हणून आस्तिक. मीमांसक, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणारे, जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, तरी कट्टर आस्तिक. देव न मानणाऱ्याला निरीश्वरवादी म्हणा.

रिकामा रकाना
झालं! आजोबा आले. अहो, आज रस्त्यावर कोणालाही विचारा, नास्तिक म्हणजे देव न मानणारा. शब्दांचे अर्थ बदलतात.

जुनं खोड
बदलतात आणि बिघडतातही. उद्या लोक 'अपरोक्ष' (खरा अर्थ समोर, प्रत्यक्ष) म्हणजे पाठीमागे असं म्हणू लागले (लागलेच आहेत!) तर तेही बरोबर का?

रिकामा रकाना
हो. तेही बरोबर. करा काय करायचं ते.

प्रयोगशील
मनूचीच व्याख्या का धरायची, हेही सांगा. पाणिनीच्या 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' या सूत्रावरचे टीकाकार परलोक मानतो तो आस्तिक असं म्हणतात. तिथे वेदाचा संबंध नाही. त्या व्याख्येने जैन आणि बौद्धसुद्धा आस्तिक ठरतील.

जुनं खोड
पाणिनी मला शिकवू नका. मुद्दा एवढाच की देव न मानता धर्मावर पूर्ण श्रद्धा असू शकते. मीमांसक कुमारिल भट्टांना वेदाबद्दल तिळमात्र शंका नव्हती, आणि सृष्टिकर्त्या ईश्वराच्या कल्पनेवर त्यांनीच कडाडून हल्ला केला. तेव्हा 'खात्री' म्हणताना कशाची, ते आधी ठरवा.

कुंपणावरचा
खोडसाहेब, हा शेवटचा मुद्दा चांगला आहे. त्याच्यासाठी एवढं भांडायची गरज होती का ते सोडा. आणि ऋग्वेदातलं नासदीय सूक्त कोणी आणायच्या आत मीच आणतो. सृष्टी कुठून आली हे वरचा अध्यक्ष जाणत असेल, 'यदि वा न वेद', किंवा जाणत नसेलही. ऋषीची श्रद्धाही कच्चीच म्हणायची का, निःशंक? आणि तुम्ही दिलेली गीता अठराव्या अध्यायात अर्जुनाला सांगते की पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं ते कर.

मधली सुट्टी
मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिते. माझे वडील चाळीस वर्षं रोज न चुकता प्रार्थना करायचे. शेवटच्या आजारपणात एका रात्री म्हणाले, "कोणी ऐकत असेल का गं?" मी लगेच म्हणाले, "ऐकतोय ना बाबा, असं काय बोलता!" ते गप्प झाले. परत तो विषय त्यांनी काढला नाही. त्यांना काय बोलायचं होतं ते मला कधीच कळणार नाही, कारण 'श्रद्धा कच्ची' ठरू नये म्हणून मीच त्यांचं तोंड बंद केलं. निःशंक, तुमचं ते वाक्य वाचून रात्रभर झोप लागली नाही.

निःशंक
ताई, तुम्हाला उद्देशून नव्हतं ते.

माझंही सांगतो, हसायचं तर हसा. अपघातानंतर सहा महिने अंथरुणावर होतो. एका पहाटे काहीही न घडता एकदम आत पक्कं झालं की आपण एकटे नाही. आवाज नाही, प्रकाश नाही, काही नाही. पुरावा मागाल तर माझ्याकडे शून्य. पण त्यानंतर त्याबद्दल शंका आलेली नाही. ही खात्री मी मुद्दाम आणलेली नाही हो, ती आली.

रिकामा रकाना
फ्रेंच विचारवंत पास्कलचं असंच झालं होतं. २३ नोव्हेंबर १६५४ ची रात्र. कागदावर लिहून ठेवलं, त्यात 'खात्री' हा शब्द आहे. तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता, १६६२ मध्ये मेल्यावर नोकराला सापडला. गणिती माणूस होता, भाबडा नव्हता.

कुंपणावरचा
छान आठवण काढलीत. त्याने ती खात्री अस्तरात शिवली. दुसऱ्याची श्रद्धा मोजायला बाहेर काढली नाही.

निःशंक, हसत नाहीये. तुमच्या त्या पहाटेवर माझं काहीच म्हणणं नाही. वाद फक्त दुसऱ्या वाक्याशी आहे.

निःशंक
बरं. दुसरं वाक्य मागे घेतो. ताईंसाठी, तुमच्यासाठी नव्हे. पहिलं राहील. शंभर टोचत असेल तर नव्याण्णव लिहा, मला तेवढ्याने काही कमी पडत नाही.

प्रयोगशील
नव्याण्णव म्हणजे तीन सिग्मासुद्धा नाही.

मधली सुट्टी
प्रयोगशील, आता पुरे.

जुनं खोड
'अपरोक्ष'बद्दल मी विचारलं होतं त्यावर 'हो, तेही बरोबर' हे उत्तर समजायचं का?