बैठकीच्या रेकॉर्डिंगला एजीसी लावावा का?

रामबागकर:
परवा आमच्याकडे, इंदूरच्या रामबागेत, घरगुती बैठक झाली. तीसेक माणसं, दोन माइक, छोटा मिक्सर. भाच्याने रेकॉर्डरवरचा एजीसी, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय, चालूच ठेवली. काल ऐकायला बसलो आणि डोकं फिरलं. गायिका षड्जावर थांबली की तंबोरा नि पंखा फुगत फुगत पुढे. कुणी पानाच्या डब्याचं झाकण लावलं ते तोफेसारखं. समेवर तबल्याचा बायां घुमला की सगळंच खाली, आणि तंबोरा परत यायला तीन सेकंद! अमीर खाँसाहेबांच्या गावात झुमरा तालातल्या मोकळ्या जागा यंत्राने भरायच्या? गाण्याला एजीसी नकोच. एक लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय, ठेवा, बास.

पलासियावाली:
अजिबात पटलं नाही. तुम्ही हेडफोन लावून ऐकता हो! माझी आई पुण्याहून फोनवर लाइव्ह ऐकत होती. आलाप ऐकू येईना म्हणून तिने आवाज वाढवला, मग तान आली तशी दचकली. फेडरवर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्टीवर, बसायला माणूस आहे का तुमच्याकडे? असला तरी पोहे आले की उठतो.

तिहाई:
भिया, दोष एजीसीचा नाही, त्याच्या सेटिंगचा. तो किती डेसिबल वाढवू शकतो यावर मर्यादा घाला, ६ पुरेत. आवाज ठराविक पातळीच्या खाली गेला की त्याने गेन, म्हणजे आवाजाला दिलेली वाढ, आहे तिथेच धरून ठेवायचा, वाढवायचा नाही. मग पंखा चढणार नाही. आणि रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज परत सोडायचा वेळ, भरपूर सावकाश. व्याख्यानाला मी असाच लावतो, कारण वक्ते माइक सोडून श्रोत्यांकडे वळतात.

रामबागकर:
व्याख्यानाला लावा की, कोण नाही म्हणतंय. पण षड्जावरचा न्यास, तिथला विसावा, म्हणजे माइक सोडून वळलेला वक्ता नव्हे. तो हळू आहे कारण त्याला हळूच राहायचंय.

मिक्सरवाला:
लिमिटरला इतकं सोवळं समजू नका. इनपुट १० डेसिबल चढवून त्याच्यावर आपटलंत तर तोही एजीसीचाच भाऊ. रिलीज फार कमी ठेवलात तर बायां फाटतो: ८० हर्ट्झच्या स्वराचं एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचं, लिमिटर त्याच्या आतच सोडायला-धरायला लागला तर लहरीचा आकारच मोडतो. मी सीलिंग, म्हणजे लिमिटरची वरची मर्यादा, उणे १ डेसिबलवर ठेवतो, कारण एमपीथ्री करताना शिखरं थोडी वर सरकतात. आणि २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर सर्वात मोठी तान उणे १२ डेसिबलच्या आसपास येऊ द्या. नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

पलासियावाली:
हे सगळं रेकॉर्डिंगचं झालं. लाइव्हचं काय?

मिक्सरवाला:
दोन वाटा करा. रेकॉर्डरला कोरा आवाज, फोनकडे जाणाऱ्या वाटेवर तिहाईंचा एजीसी. मीटिंगच्या ॲपमधून पाठवत असाल तर त्याचं नॉइज सप्रेशन आधी बंद करा. एकसारखा वाजणारा तंबोरा त्याला पंख्यासारखाच गोंगाट वाटतो, तो पुसूनच टाकतो.

पलासियावाली:
अगंबाई! आई विचारत होती, तंबोरा नव्हताच का म्हणून.

रामबागकर:
दोन होते. काकूंना सांगा, कोरी फाइल पाठवतो. आवाज मात्र त्यांनाच वाढवावा लागेल.